धागा: एम डॉट टू एसएसडी स्लॉटात बसली, स्क्रूपण लागला, पण दिसतच नाही

पत्रिकावाला_कराड | सोमवार, रात्री १०:१८

नमस्कार मंडळी, पहिलाच धागा आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. कराडात आपलं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे, लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे अहवाल वगैरे. दुकानात एक लॅपटॉप आहे आठेक वर्षांचा, हार्डडिस्कवर चालतो आणि सुरू व्हायला एवढा वेळ घेतो की गिऱ्हाईक समोर चहा पिऊन परत येतं. भाचा म्हणाला मामा एसएसडी टाका, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवाली डिस्क. मागचं झाकण काढलं तर आत एक रिकामा स्लॉट, त्यावर बारीक अक्षरात एम डॉट टू लिहिलेलं. मग ऑनलाइन ५०० जीबीची एनव्हीएमई प्रकारची एसएसडी मागवली, खाच जुळली, अलगद आत गेली, स्क्रू लावला. आणि आता ती ना बायोसमध्ये दिसते ना विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये. भाचा म्हणतो एसएसडी खराब, विकणारा म्हणतो लॅपटॉप खराब. नक्की खराब कोण?

खडूस_अ‍ॅडमिन | सोमवार, रात्री १०:४०

दोघंही ठणठणीत आहेत, खरेदी चुकली.

एम डॉट टू हा फक्त साचा आहे. २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब, म्हणून २२८० म्हणतात. त्या साच्यातून मागे वायरिंग कसलं गेलंय ते वेगळं. साटाचं (डिस्क जोडायची जुनी पद्धत) असू शकतं, पीसीआयईचं (ग्राफिक कार्डाचीही असते ती जास्त वेगवान वाट) असू शकतं, नशीब चांगलं असेल तर दोन्ही. एसटी स्टँडवर फलाटाला गाडी लागली म्हणजे ती तुमच्याच गावाला जाणार असं असतं का? तसंच. एनव्हीएमई पीसीआयईवरून बोलते, तुमच्या स्लॉटामागे फक्त साटा असणार, म्हणून ती बिचारी आत बसून हाका मारतेय आणि पलीकडे त्या भाषेचा माणूसच नाही.

त्या वयाच्या लॅपटॉपांत हा प्रकार भरपूर. लॅपटॉप उलटा करून पूर्ण मॉडेल नंबर द्या, नुसतं कंपनीचं नाव नको.

पत्रिकावाला_कराड | सोमवार, रात्री १०:५५

पण दादा खाच जुळली ना? चुकीची असती तर आत गेलीच नसती अशी माझी भाबडी समजूत. मॉडेल नंबर उद्या दुकानात गेल्यावर टाकतो.

खडूस_अ‍ॅडमिन | सोमवार, रात्री ११:०४

खाचेचं थोडं खरं आहे, पूर्ण नाही. एम की म्हणजे एका बाजूला एक खाच, बी की म्हणजे दुसऱ्या बाजूला. एनव्हीएमई ड्राइव्हला बहुतेक वेळा फक्त एम ची एकच खाच असते कारण तिला पीसीआयईच्या चार लेन, म्हणजे डेटाच्या चार वाटा लागतात. एम डॉट टू मधल्या साटा ड्राइव्हला बहुधा दोन खाचा असतात, म्हणजे बी प्लस एम, दोन्ही प्रकारच्या स्लॉटात बसणारी. आता स्लॉट बी की असता तर तुमची एनव्हीएमई आत गेलीच नसती आणि तुम्ही वाचला असता. पण काही लॅपटॉपवाल्यांनी एम की चा स्लॉट ठेवून मागे फक्त साटाच ओढलेला असतो. खाच बघून ड्राइव्ह कसला ते साधारण कळतं, स्लॉटात काय वाहतंय ते कळत नाही, त्याला सर्व्हिस मॅन्युअलच बघावं लागतं.

जुना_पापी | मंगळवार, सकाळी ७:१२

वाचून मजा वाटली, म्हणजे घोळ अजून तोच आहे, फक्त आकाराने बारीक झाला. आम्ही नव्वदच्या दशकात मुंबईत एका बँकेच्या संगणक विभागात होतो, तिथे स्कझी, डिस्का जोडायची तेव्हाची पद्धत. एका केबलवर माळेसारख्या डिस्का, प्रत्येकीला जंपर लावून वेगळा आयडी द्यायचा, कंट्रोलरचा बहुधा ७ कारण तो सगळ्यात मानाचा, आणि माळेच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर. एक टर्मिनेटर विसरला की डिस्क कधी दिसायची कधी नाही, आणि रात्री दोनला शोधाशोध. घरच्या पीसीत त्याच काळात आयडीई, ४० पिनांची ती रुंद पट्टी, एकाच केबलवर मास्टर आणि स्लेव्ह. दोन्ही मास्टर ठेवले की दोघांचं भांडण आणि पीसी ढिम्म.

तुमच्यापैकी किती जणांनी ती पट्टी बघितलीय माहीत नाही, पण पुढे वेग वाढल्यावर तिच्यात ४० च्या ८० तारा झाल्या, पिना मात्र ४०च. वाढलेल्या ४० तारा नुसत्या अर्थिंगच्या, शेजारच्या तारेतली कुजबुज इकडे ऐकू येऊ नये म्हणून.

बंड्या_गेमर | मंगळवार, सकाळी ९:३०

काका एक शंका, १६ तारांवरून एकदम डेटा पाठवणं एका तारेपेक्षा फास्ट असायला पाहिजे ना? मग साटात तारा कमी करून स्पीड वाढला कसा काय? कॉलेजात विचारलं तर सर म्हणाले सिलॅबसमध्ये नाही.

जुना_पापी | मंगळवार, सकाळी ९:५८

लेझीम पथक बघितलंयस ना? सोळा जण एका रांगेत. संथ तालावर सगळ्यांचा पाय एकदम पडतो. ताल वाढवत नेला की कुणाचा पाय किंचित आधी, कुणाचा किंचित नंतर, आणि रांग मोडते. समांतर केबलीत हेच होतं, सोळा बिट एकाच क्षणी पोचले तरच त्यांचा अर्थ लागतो, आणि तारांची लांबी, वळण, शेजाऱ्याचा त्रास यामुळे ते मागेपुढे होतात. म्हणून आयडीईची गाडी १३३ एमबी प्रति सेकंदावर थांबली आणि केबलपण दीड फुटाच्या वर नेता येईना. एकटा धावणारा असेल तर त्याला रांग सांभाळायची नाही, कितीही जोरात पळू दे.

साटात म्हणूनच जायला एक जोडी, यायला एक जोडी, मध्ये तीन अर्थिंग, झाल्या सात तारा. केबल एक मीटर चालते. २००३ सालचा पहिला साटा दीड गिगाबिटचा म्हणजे १५० एमबीचा होता, जुन्या १३३ पेक्षा फार पुढे नव्हता, पण त्याला पुढे पळायला रस्ता मोकळा होता.

बंड्या_गेमर | मंगळवार, सकाळी १०:०३

काका __/\__ वाखुसा (वाचनखूण साठवली).

दीड गिगाबिट भागिले ८ म्हणजे १८७ येतात पण, १५० कसे?

सॅनहोजेकर | मंगळवार, सकाळी १०:४१ (आमच्याकडे सोमवार रात्र)

८ ने नाही, १० ने भाग. साटा ८ बिट पाठवायला तारेवर १० बिट खर्च करतो. नुसते एकामागे एक शून्य गेले तर समोरच्याला कुठला बिट कधी सुरू झाला ते कळणार नाही, म्हणून मुद्दाम चढउतार घालावे लागतात. त्यामुळे दीड गिगाबिट म्हणजे १५०, ३ म्हणजे ३००, ६ म्हणजे ६०० एमबी, आणि त्यातूनही बोलण्या-चालण्याचा खर्च वजा जाता हातात साधारण ५५० येतात. म्हणून सगळ्या साटा एसएसडीच्या खोक्यावर ५५०-५६० छापलेलं असतं, कंपनी कुठलीही घ्या. पीसीआयई ३.० पासून हा खर्च १३० मागे २ बिट एवढाच उरला. एका लेनला ८ गिगाट्रान्सफर, चार लेन, म्हणजे जवळपास ३.९ जीबी. ४.० ला दुप्पट, ५.० ला त्याच्या दुप्पट.

६ गिगाबिटचा साटा २००९ चा. त्यानंतर वेग वाढलाच नाही, मध्ये साटा एक्सप्रेस नावाचं एक धूड काढलं होतं, मदरबोर्डवर ते पोर्ट दिसायचं पण त्यात लावायला ड्राइव्ह कुठे मिळायचा नाही. गेलं ते.

मोरपंखी_नाशिक | मंगळवार, दुपारी १:२०

धाग्यात घुसतेय, राग मानू नका. मी लग्नाची फोटोग्राफी आणि व्हिडिओ करते. १ टीबीची एक्स्टर्नल एसएसडी घेतली, खोक्यावर १०५० एमबी प्रति सेकंद असं ठळक लिहिलंय, आणि कॉपी करताना मिळतात ४०. चाळीस! २०० जीबीचं शूट टाकायला सव्वा तासाच्या वर लागतं, नवरीकडचे एडिटिंग कधी होणार म्हणून फोन करतायत. ड्राइव्ह डुप्लिकेट निघाला का?

खडूस_अ‍ॅडमिन | मंगळवार, दुपारी १:३१

ताई, केबल कुठली लावलीय? खोक्यातली की मोबाइलच्या चार्जरची?

मोरपंखी_नाशिक | मंगळवार, दुपारी १:३८

चार्जरची. खोक्यातली फारच आखूड होती म्हणून. दोन्हीकडे टाइप सीच आहे की.

खडूस_अ‍ॅडमिन | मंगळवार, दुपारी १:४९

परत साचा आणि भाषा. टाइप सी हापण साचाच. चार्जरच्या बहुतेक केबलींत डेटासाठी फक्त यूएसबी २.० च्या तारा असतात, २००० सालचं ४८० मेगाबिट, त्यातून ३५-४० एमबी येतात, अगदी तुमचा आकडा. वेगवान जोड्या त्या केबलीत घातलेल्याच नाहीत, पैसे वाचवायला. खोक्यातली आखूड लावा, आणि लॅपटॉपचं १० गिगाबिटचं पोर्ट शोधा, पोर्टाशेजारी १० छापलेलं असलं तर उत्तमच.

मोरपंखी_नाशिक | मंगळवार, दुपारी २:२६

अहो ९२० आले!!! एवढ्याशा वायरीपायी मी दोन महिने रात्री जागतेय. शेजारच्यांना पेढे देऊ का काय करू कळेना.

पण आता दुसरं. साधारण ६० जीबीपर्यंत सुसाट जातं आणि मग धापकन १२० वर येतं. परत केबल?

सॅनहोजेकर | मंगळवार, रात्री ९:१५

नाही, हे केबलचं नाही आणि पोर्टाचंही नाही, हे आतल्या फ्लॅशचं. स्वस्त ड्राइव्हमध्ये क्यूएलसी असते, एका सेलमध्ये चार बिट कोंबलेले, त्यात लिहायला वेळ लागतो. म्हणून ड्राइव्ह काही भाग तात्पुरता एका बिटाच्या पद्धतीने वापरतो, तिथे धडाधड लिहून घेतो आणि तुम्ही झोपल्यावर निवांत आत नीट लावतो. तो भाग भरला की खरा चेहरा दिसतो. ड्राइव्ह जितका भरलेला तितका हा भाग कमी, म्हणून अर्धाअधिक मोकळा ठेवा. पुढच्या वेळी घेताना टीएलसी (एका सेलमध्ये तीनच बिट) बघून घ्या आणि खोक्यावरच्या आकड्याशेजारी 'पर्यंत' असा बारीक शब्द असतो तो मोठ्याने वाचा.

पत्रिकावाला_कराड | मंगळवार, रात्री ९:४०

धागा कुठल्या कुठे गेला, पण चालू द्या, मलापण कळतंय. मॉडेल नंबर खडूस दादांना निरोपातून पाठवलाय. अजून एक भर घालतो: दुकानात मुख्य काम डेस्कटॉपवर आहे, एच६१ चा बोर्ड, तिसऱ्या जनरेशनचा आय थ्री, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेला, श्रीलिपी आणि कोरल ही डीटीपीची सॉफ्टवेअरं त्यावरच. त्याला साटा एसएसडी टाकावी म्हणतोय तर इथले एक मेकॅनिक म्हणाले एच६१ वर ६ गिगाबिटचं पोर्टच नाही, ३ चं आहे, तर एसएसडी टाकून उपयोग शून्य, सगळा पीसीच बदला. ४० हजार सांगतायत.

खडूस_अ‍ॅडमिन | मंगळवार, रात्री १०:०२

लॅपटॉपचं बघितलं, मॅन्युअलात स्पष्ट आहे, त्या स्लॉटात फक्त साटा. एम डॉट टू मधलीच साटा ड्राइव्ह घ्या, काम होईल.

मेकॅनिकांचं पहिलं वाक्य बरोबर, दुसरं साफ चूक. एच६१ मध्ये ३ गिगाबिटचीच पोर्टं असतात, तिथे एसएसडी २७०च्या आसपास देईल, ५५० नाही. पण तुमचा त्रास एमबीचा नाहीच, वाट बघण्याचा आहे. हिशेब करा. ७२०० आरपीएमची डिस्क एका फेरीला ८.३ मिलिसेकंद घेते. हवा तो तुकडा डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ च्या वर, आणि त्याआधी डोकं त्या ट्रॅकवर न्यायला आणखी आठेक. म्हणजे दर तुकड्याला १२ मिलिसेकंद, सेकंदाला कसेबसे ८० तुकडे. कोरल उघडताना शेकडो फॉन्ट वाचतं, बारीक बारीक फाइली, सगळ्या डिस्कभर विखुरलेल्या. एसएसडीला तोच तुकडा ०.१ मिलिसेकंदात सापडतो, पोर्ट ३ चं असो नाहीतर ६ चं. तुम्हाला ८० च्या जागी हजारो मिळणार आहेत आणि मेकॅनिक २७० की ५५० यावर अडून बसलेत. ४० हजार खिशात ठेवा.

चुंबकीय डिस्कसाठी तर ६ गिगाबिटचं पोर्ट निव्वळ शोभेचं आहे, आजची चांगली डिस्कसुद्धा सलग वाचताना २५० च्या आसपासच देते.

जुना_पापी | बुधवार, सकाळी ६:५०

+१. आणि डेस्कटॉपला ड्राइव्ह वाढवताना पॉवरची पिन कमी पडली तर ते मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या पॉवर प्लगवरून) साटा करणारे स्वस्तातले ओतीव अडॅप्टर घेऊ नका. तारा प्लास्टिकात ओतलेल्या असतात, आत एकमेकींना चिकटतात आणि जळतात. दाबून बसवलेल्या तारांचे घ्या.

बंड्या_गेमर | बुधवार, सकाळी ११:१५

मग एनव्हीएमई घेऊन फायदा काय? माझ्याकडे जेन ५ (पीसीआयई ५.० वाली) आहे, बेंचमार्कला १२००० येतात, मित्राच्या जेन ३ पेक्षा गेम दोन सेकंद आधी उघडतो बस. आणि वर तो ड्राइव्ह एवढा तापतो की त्यावर डोसा होईल. हघ्या (हलके घ्या).

रच्याकने (बाय द वे), दुसऱ्या स्लॉटात जुनी एम डॉट टू लावली तेव्हापासून माझी ४ टीबीची हार्डडिस्क गायब झालीय. मेली का?

सॅनहोजेकर | बुधवार, सकाळी ११:५२

मेली नाही. बोर्डाच्या मॅन्युअलात एक तक्ता असतो, दुसरा एम डॉट टू स्लॉट भरला की साटाची अमुक दोन पोर्टं बंद. चिपसेटकडे लेन मोजक्या, त्याच तारा दोघांत वाटलेल्या. डिस्कची केबल दुसऱ्या पोर्टात लाव.

फायद्याचं विचारलंस तर, मी याच क्षेत्रात फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) लिहितो म्हणून जरा लांबण लावतो. साटा ड्राइव्हशी बोलायची पद्धत एएचसीआय, २००४ ची, फिरत्या डिस्कसाठी केलेली. तिच्यात रांग एकच आणि रांगेत ३२ चिठ्ठ्या, म्हणजे वाच-लिहिचे हुकूम. डिस्कला ते पुरतं, किंबहुना छान असतं, कारण पोस्टमन जसा पत्रं गल्लीप्रमाणे लावून निघतो तशी डिस्क त्या ३२ चिठ्ठ्या आपल्या वाटेप्रमाणे लावून घेते, एनसीक्यू म्हणतात ते हेच. पण फ्लॅशला वाट नाही, गल्ली नाही, तिथे अनेक चिप एकाच वेळी काम करू शकतात. पत्रिकावाल्या दादांच्या दुकानाचं घ्या: आत बारा झेरॉक्स मशीन आहेत आणि बाहेर काउंटर एकच, त्यावर एक माणूस. मशीन बसून राहणार.

१ मार्च २०११ ला एनव्हीएमई १.० आलं त्यात हेच बदललं. रांगा ६४ हजारांपर्यंत आणि प्रत्येक रांगेत ६४ हजारांपर्यंत चिठ्ठ्या. एवढ्या कुणी वापरत नाही, पण प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरला स्वतःचं काउंटर मिळतं, दुसऱ्याला थांबवावं लागत नाही. चिठ्ठी रॅममध्ये ठेवायची आणि ड्राइव्हची डोअरबेल वाजवायची, ड्राइव्ह येऊन घेऊन जातो. डेटाबेस सर्व्हरवर, जिथे हजार जण एकदम मागतायत, तिथे जमीनअस्मानाचा फरक. तुझ्या गेमला एका वेळी दोनचार चिठ्ठ्या, बाकी वेळ प्रोसेसर फाइली सोडवत बसतो, म्हणून दोन सेकंद.

गंमत म्हणजे २०२१ च्या एनव्हीएमई २.० मध्ये फिरत्या डिस्कचीपण सोय करून ठेवलीय.

लॅमिंग्टन_भटका | बुधवार, सायंकाळी ५:४०

अवांतर: सर्व्हरमधून काढलेल्या एसएएस (सर्व्हरसाठीची वेगळी जोडणी) डिस्का स्वस्तात मिळतात म्हणून दोन उचलल्या, ४ टीबीच्या. साटाची केबल लावायला गेलो तर मधली खाच भरलेली, बसतच नाही. घासून काढू का ती?

खडूस_अ‍ॅडमिन | बुधवार, सायंकाळी ५:४४

कानस खाली ठेव!! ती खाच मुद्दाम भरलेली असते. एसएएसच्या कार्डावर साटा डिस्क चालते, साटाच्या पोर्टावर एसएएस डिस्क चालत नाही. एक तर एसएएसचं एचबीए कार्ड (अशा डिस्का जोडायचं कार्ड) घे किंवा डिस्का परत कर.

आणि सगळ्यांनाच सांगतो, डिस्क खराब म्हणण्याआधी स्मार्टमधला (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्यातला) १९९ नंबरचा आकडा बघत जा, सीआरसी एरर, म्हणजे वाटेत बिघडलेला डेटा. तो वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा. आधीच्या नोकरीत मी बॅकअप सर्व्हरच्या दोन डिस्का बदलून घेतल्या, दोनदा रात्रभर डेटा परत चढवला, तिसऱ्या डिस्कवरही तेच. शेवटी पन्नास रुपयांची साटा केबल बदलली आणि सगळं शांत. साहेबांना अजून सांगितलेलं नाही.

पत्रिकावाला_कराड | गुरुवार, दुपारी ३:०५

दादा, लॅपटॉपला साटावाली मागवली. पण ही पहिली ५०० जीबीची परत घेत नाहीत, पाकीट फोडलं म्हणतात. हिचं काय करू? डेस्कटॉपला ते पीसीआयईचं कार्ड मिळतं म्हणे त्यात बसते का?

खडूस_अ‍ॅडमिन | गुरुवार, दुपारी ३:३०

बसते. चार लेनचं साधं कार्ड घ्या, ग्राफिक कार्ड नसेल तर त्या लांब स्लॉटात लावा. छोट्या एक लेनवाल्या स्लॉटात लावायची तर एक लेनचं कार्ड लागेल, आणि तिथे ४०० च्या आसपासच मिळतील. तुमचा आय थ्री पीसीआयई २.० वाला आहे त्यामुळे पूर्ण वेग येणार नाही, दीड हजार आले तरी पुष्कळ. विंडोज १० तिला लगेच ओळखेल. फक्त तिच्यावर विंडोज टाकून सुरू करायचा हट्ट नको, त्या काळच्या बायोसला एनव्हीएमई म्हणजे काय तेच माहीत नाही. विंडोज साटा एसएसडीवर, कामाच्या फाइली हिच्यावर.

पत्रिकावाला_कराड | रविवार, रात्री ११:२०

झालं मंडळी. डेस्कटॉपला साटा एसएसडी, मोजली तर २६४, मेकॅनिकांचा आकडा खराच निघाला, पण कोरल आधी सव्वा मिनिट घ्यायचं ते आता मी खुर्ची सरकवेपर्यंत समोर. एनव्हीएमई कार्डात, १५६० येतायत, गेल्या पाच सीझनच्या सगळ्या पत्रिका तिच्यावर टाकल्या. लॅपटॉपला नवी साटावालीपण दिसली.

एकच अडचण, पहिली काढताना तो मुंगीएवढा स्क्रू कटिंग मशीनखाली उडाला तो सापडेना. सध्या चिकटपट्टी लावलीय. चालेल ना?

जुना_पापी | सोमवार, सकाळी ६:४५

चिकटपट्टी उष्णतेने सुटते हो. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे जा, दोन मिलिमीटरचा, तीन लांबीचा म्हणून सांगा, डबीत शंभर पडलेले असतात, पैसेपण घेणार नाही.

पत्रिकावाला_कराड | सोमवार, दुपारी १२:१०

मिळाला काका. पैसे घेतले नाहीत, दुकानाची शंभर व्हिजिटिंग कार्डं फुकट छापून मागितलीत.